अतिरिक्त कारावासाची नुकसानभरपाई
न्यायालयाच्या आदेशाने ठरलेल्या मुदतीपेक्षा अधिक काळ, किंवा पुढे अपिलात अथवा फेरविचारात कमी झालेल्या शिक्षेखाली, भोगाव्या लागलेल्या कारावासाबद्दल राज्यसंस्थेने द्यावयाची भरपाई. यातील दोन प्रकार भिन्न आहेत. सुटकेची वेळ येऊनही बंदिवानास डांबून ठेवणे हा प्रशासनाचा बेकायदेशीरपणा होय. त्याउलट, शिक्षा अवाजवी कठोर असली, तरी ती अधिकारक्षेत्रात दिलेली असल्यास, रद्द वा कमी होईपर्यंत ती विधिग्राह्य असते. पहिल्या प्रकारी भरपाईचे तत्त्व भारतात मान्य झाले आहे. दुसऱ्या प्रकारी ते रुजलेले नाही.

इंग्लंडमध्ये ॲडॉल्फ बेक यास ओळख पटविण्यातील चुकीमुळे १८९६ मध्ये शिक्षा झाली व १९०४ मध्ये पुन्हा दोषी ठरविण्यात आले. निर्दोषत्व उघड झाल्यावर त्यास ५,००० पौंड मिळाले. तथापि ते शासनाने स्वेच्छेने दिले होते, हक्क म्हणून नव्हे. या प्रकरणाच्या परिणामी १९०७ मध्ये फौजदारी अपील न्यायालय स्थापन झाले. जर्मनीने याबाबत अधिक व्यापक मार्ग पत्करला. तेथील १९७१ च्या अधिनियमान्वये अंतिम झालेली शिक्षा पुढे रद्दच नव्हे, तर सौम्य झाली, तरी त्या प्रमाणात भरपाई मिळते.

भारतात ब्रिटिश काळापासून सार्वभौम कृत्यांबद्दल शासनावर दायित्व नाही, हे तत्त्व रूढ होते. १८६१ च्या पी. अँड ओ. कंपनीच्या खटल्यात सार्वभौम व व्यापारी कृत्ये यांत भेद करण्यात आला. कस्तुरीलाल खटल्यात (१९६४) पोलिसांनी जप्त केलेले सोने हवालदाराने पळविले असतानाही शासन जबाबदार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. न्यायाधीशांना त्यांच्या न्यायिक कृत्यांबाबत १८५० च्या अधिनियमाचे संरक्षण होते. त्यामुळे दिवाणी दाव्याचा मार्ग बंदिवानास बहुधा निरुपयोगी ठरे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२८ ने चौकशीच्या व खटल्याच्या काळातील कोठडी शिक्षेतून वजा करण्याची सोय केली. परंतु शिक्षेपेक्षा कोठडीच अधिक झाली, तर वजावटीस काही उरत नाही. १९७९ मध्ये नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारनाम्यात सामील होताना भारताने, बेकायदेशीर अटकेबद्दल भरपाईचा अंमलबजावणीयोग्य हक्क आपल्या विधिव्यवस्थेत नसल्याचे नमूद केले.

चारच वर्षांनी ही स्थिती बदलू लागली. बिहारमधील रुदुल साह यास मुझफ्फरपूरच्या सत्र न्यायालयाने ३ जून १९६८ रोजी निर्दोष ठरविले; प्रत्यक्ष सुटका मात्र १६ ऑक्टोबर १९८२ रोजी, म्हणजे १४ वर्षांहून अधिक काळाने झाली. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी १ ऑगस्ट १९८३ च्या निवाड्यात अनुच्छेद २१ च्या भंगाबद्दल अनुच्छेद ३२ खालीच भरपाई देता येते, असे प्रतिपादिले. आधी दिलेल्या ५,००० रुपयांखेरीज ३०,००० रुपये देण्याचा आदेश झाला व दिवाणी दाव्याचा हक्कही अबाधित राहिला. केवळ सुटकेचा आदेश देऊन थांबणे म्हणजे मूलभूत हक्काची नुसती शाब्दिक बूज राखणे होय, ही त्यामागील भूमिका होती. नीलबती बेहेरा खटल्यात (१९९३) सार्वभौम उन्मुक्तीचा बचाव अशा घटनात्मक उपायास लागू नाही, हे स्पष्ट झाले.

अपिलात कमी झालेल्या शिक्षेचा प्रश्न २०२२ मध्ये ठळकपणे आला. छत्तीसगढमधील एका बंदिवानाची १२ वर्षांची शिक्षा उच्च न्यायालयाने ७ वर्षांवर आणली. तरी तो १० वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिला. सर्वोच्च न्यायालयाने त्यास साडेसात लाख रुपये देवविले. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील अशाच प्रकरणी ४ वर्षे ७ महिन्यांच्या जादा कारावासाबद्दल २५ लाख रुपये देण्यात आले. दोन्ही ठिकाणी भरपाई मिळाली ती मूळ शिक्षेच्या कठोरपणाबद्दल नव्हे, तर घटविलेली मुदत संपल्यावर गेलेल्या दिवसांबद्दल.

भरपाई मोजण्याचे निश्चित मान मात्र विधीत नाही. ती न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असते. विधी आयोगाने २७७ व्या अहवालात (२०१८) चुकीच्या अभियोगाबद्दल वैधानिक भरपाई व विशेष न्यायालये यांची शिफारस केली. परंतु २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तिचा समावेश झाला नाही. परिणामी हा हक्क न्यायालयापर्यंत पोहोचू शकणाऱ्या बंदिवानापुरता मर्यादित राहतो. आणि ज्यांची सुटका कागदपत्रांच्या दिरंगाईत अडकते, त्यांनाच बहुधा तेथवर पोहोचणे सर्वांत कठीण असते.