विद्युत् सायकल : शक्तिवहनाची झीज व घसरण

स्वाराच्या पायांचा व मोटरचा जोर चाकापर्यंत पोहोचविणारी चेन, दातेरी चक्रे, फ्रीव्हील आणि मोटरच्या पोटातील दंतचक्रे ही विद्युत् सायकलीची शक्तिवहन यंत्रणा होय. हे भाग झिजून जोर मध्येच निसटू लागला म्हणजे त्यास घसरण म्हणतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पाव किलोवॅटच्या मर्यादेतील, व ताशी २५ किमी. वेगास मोटरचे साहाय्य थांबणारी सायकल मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळलेली आहे; परंतु सामान्य मनुष्य सातत्याने जेमतेम ७५ ते १०० वॅट शक्ती खर्च करू शकतो, हे ध्यानी घेतल्यास, ज्या रचनेत मोटर क्रँकपाशी असते तीत बिचाऱ्या चेनवर केवढा बोजा पडतो याचा अंदाज येतो. मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये असल्यास चेनला केवळ पायांचा भार वाहावा लागतो. सबब तक्रार आली की मोटर कोठे बसविली आहे, हा प्रश्न प्रथम.

दुसरा साक्षीदार पाय. चढावर पायडल दाबताना ते एकाएकी रिकामे पुढे जाऊन ‘खट्’ असा आवाज झाला, तर कसूर चेन, चक्र किंवा फ्रीव्हीलचा. उलट पाय जड झाला व आवाज काहीच नाही, तर यंत्रणा शाबूत असून मोटरचा प्रवाह तुटला आहे, आणि तपास बॅटरी, पायडलजवळील सेन्सर व ब्रेकच्या मुठीतील खटका यांकडे वळवावा. हा भेद न करता चेन बदलणारे कारागीर थोडे नाहीत.

हान्स रेनोल्ड या स्विस जन्माच्या अभियंत्याने मँचेस्टर येथे १८८० साली सिद्ध केलेल्या रोलर चेनचाच वंश आजही सायकलीवर चालतो. तिच्या दोन पिनांतील अंतर १२.७ मिमी. असते, म्हणून २४ अंतरांची नवी लांबी ३०४.८ मिमी. भरते. चेन ‘ताणली’ असे म्हणतात, पण पोलाद ताणले जात नाही, पिना व त्यांभोवतीचे कवच झिजते. गिअरच्या सायकलीत ही लांबी दीड-दोन मिमी.ने वाढली की चेन बदलावी. एकाच चक्राच्या सायकलीत ३ मिमी.पर्यंत सवलत चालते. विलंब केल्यास दातही झिजून आकडीसारखे वळतात, आणि मग नवी चेन घातल्याबरोबर ती जुन्या चक्रावर घसरू लागते. या नव्या घसरणीचा दोष नव्या चेनवर येतो, वस्तुतः तो जुन्या चक्राचा असतो.

पायडल पुढे फिरूनही चाक धरत नसेल, तर फ्रीव्हीलच्या आतील स्प्रिंगवरच्या खिट्ट्या गंजाने किंवा आटलेल्या ग्रीसने चिकटल्याचा संशय घ्यावा. हब मोटरची परीक्षा याहून नाजूक. मोटर गुंजते पण ओढत नाही, अशा वेळी चाक ब्रेकने अडवून पाहण्याचा मोह होतो. परंतु ब्रेकची मूठ आवळताच खटका प्रवाहच तोडतो, त्यामुळे ही झडती निष्फळ ठरते. दंतचक्रांच्या हबमध्ये सोपा उपाय असा की, बंद सायकलीचे चाक हाताने उलटे फिरवावे : विरोध जाणवल्यास आतील एकमार्गी क्लच व नायलॉनची चक्रे बहुधा धड आहेत, मुळीच न जाणवल्यास त्यांपैकी काही निकामी झाले आहे. चाकाचा आस चौकटीच्या खाचेत फिरू लागला असल्यास मात्र सायकल तत्काळ थांबवावी, कारण त्यासोबत मोटरच्या तारा पिळवटून तुटतात.

देवगड तालुक्यातील मिठबावसारख्या किनारी गावात झिजेचा हिशेब किलोमीटरांनी मांडणे भ्रामक आहे. गजबादेवीच्या कड्याखालून येणाऱ्या वाऱ्यातील मीठ हवेतील ओल शोषून चेनच्या फटींत गंज धरविते. तांबळडेगच्या पुळणीवरील वाळूतील गारेचे कण पोलादाहून कठीण असल्याने तेलात मिसळून पिना घासतात. आणि जांभ्याची तांबडी धूळ त्या लेपास दाट करते. पावसाळाभर पडवीत उभी राहिलेली, म्हणजे एक किलोमीटरही न चाललेली सायकल श्रावण सरल्यावर अडखळू लागते ती याचमुळे. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने फडका ओला करून चेन पुसावी, कोरडी करून प्रत्येक रोलरवर तेलाचा एक थेंब सोडावा व वरचे तेल पुसून टाकावे. मोटरसायकली धुण्याचा जोराचा फवारा हबवर मारू नये. त्याने मोटरच्या बेअरिंगांत व तारांच्या जोडांत पाणी शिरते.