लिनक्सचा कॉम्प्युटर अडकतोय? रॅम विकत घेण्याआधी ‘टॉप’ बघा

धान खरेदीची ऑनलाइन नोंदणी, शिष्यवृत्तीचा फॉर्म, सातबारा. मुदतीचा शेवटचा दिवस आला की तुमसर असो की साकोली, ऑनलाइन सेंटरवर गर्दी होते आणि कॉम्प्युटर नेमका तेव्हाच अडकतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यावर जुन्या मशीनवर लिनक्स टाकणं हा स्वस्त पर्याय आहे. पण तेही अडलं की सल्ला ठरलेलाच, “रॅम वाढवा.” हा सल्ला बऱ्याचदा न तपासताच दिला जातो आणि पैसे उगाच जातात.

मशीन नेमकं कशासाठी थांबलंय, हे लिनक्स स्वतःच सांगतं. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे दिल्यात, टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी स्मॉल अक्षरांत टाइप करायच्या.)

लोड जास्त, पण प्रोसेसर रिकामा?

‘टॉप’ ही कमांड दिली की पहिल्याच ओळीत ‘लोड ॲव्हरेज’चे तीन आकडे दिसतात. गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांची ही सरासरी. प्रोसेसरला ४ कोअर असतील तर ४ पर्यंतचा आकडा झेपतो. आता गोची अशी, की लिनक्स या आकड्यात डिस्कची वाट बघत बसलेले प्रोग्रामही मोजतं. म्हणून लोड ८ असूनही प्रोसेसर निवांत असू शकतो. अशा वेळी प्रोसेसरच्या ओळीतला ‘डब्ल्यूए’ बघा. तो सतत मोठा असेल तर खरा अडथळा डिस्कचा आहे. जुनी फिरती हार्ड डिस्क विखुरलेल्या ठिकाणांहून सेकंदाला साधारण शंभरेक वेळाच वाचू शकते, एसएसडी हजारो वेळा. इथे पैसे रॅमवर नाही, एसएसडीवर घाला.

रॅम खरंच संपली का?

‘फ्री -एच’ दिल्यावर ‘फ्री’चा रकाना जवळपास रिकामा दिसतो आणि लोक घाबरतात. रिकामी रॅम लिनक्स फाइलींच्या कॅशसाठी वापरतं आणि गरज पडली की परत देतं. बघायचा तो ‘अव्हेलेबल’चा रकाना. तो तळाला गेला असेल आणि ‘व्हीएमस्टॅट १’ मध्ये ‘एसआय’, ‘एसओ’ हे आकडे सतत हलत असतील, तर मात्र रॅम कमी पडतेय. आधी ब्राउझरचे वीस टॅब बंद करून बघा, मग दुकान गाठा.

डिस्क भरली असेल तर

‘डीएफ -एच’ मध्ये १०० टक्के दिसलं की फाइली सेव्ह होत नाहीत, कधी लॉगिनही होत नाही. मोठी फाइल उडवूनही जागा मोकळी झाली नाही, तर बहुधा एखाद्या चालू प्रोग्रामने ती अजून उघडी ठेवलेली असते. तो प्रोग्राम बंद केला की जागा सुटते.

सकाळी पळतो, दुपारी रांगतो

मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा सहज ४० च्या पुढे जातो. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. एलएम-सेन्सर्स हे पॅकेज टाकून ‘सेन्सर्स’ कमांड दिली की तापमान कळतं. अशा वेळी पंख्यातली धूळ काढणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

आणि घाईत रीस्टार्ट केलंच असेल, तर ‘जर्नलसीटीएल -बी -१’ देऊन बघा. जुन्या नोंदी साठवण्याची सोय चालू असेल, तर बंद पडण्याआधी मशीनमध्ये काय झालं होतं ते त्यात सापडतं.