सासू, पाच नणंदा आणि समुद्र

२०१४च्या ऑगस्टमध्ये जगभरच्या पेपरांत एक बातमी झळकली होती. समुद्र वर चढतोय म्हणून तुवालू बेटांवरच्या एका कुटुंबाला न्यूझीलंडने ठेवून घेतलं. 'जगातले पहिले हवामान-निर्वासित' वगैरे वगैरे. या शनिवारी म्हटलं, निकालच वाचून काढू. निघालं भलतंच!

आधी कायदा. निर्वासितांचा करार १९५१चा, महायुद्धानंतरच्या युरोपसाठी केलेला. १९६७मध्ये त्यातली स्थळ-काळाची अट काढली, पण छळाची कारणं पाचच राहिली: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट, राजकीय मत. (जुनं स्पेसिफिकेशन, सहावी व्हॅल्यू टाकायची सोय नाही.) समुद्र काही धर्म विचारून घरात शिरत नाही. साहजिकच निर्वासित म्हणून या कुटुंबाचा दावा फेटाळला गेला.

पण न्यूझीलंडच्या २००९च्या इमिग्रेशन कायद्याला आणखी एक दार आहे. माणुसकीच्या दृष्टीने परिस्थिती अपवादात्मक असेल आणि हद्दपारी अन्यायाची किंवा अती कठोर ठरणार असेल, तर राहू देता येतं. हवामानबदल अशी परिस्थिती ठरू शकतो, लहान मुलांना धोका जास्त, हे ट्रिब्यूनलने मान्य केलं. मात्र त्यावर निकाल द्यायची वेळच आली नाही. नवऱ्याची आई आणि पाचही बहिणी न्यूझीलंडमध्ये, दोन्ही मुलं तिथेच जन्मलेली, सगळा गोतावळा एकमेकांना धरून. तेवढं पुरलं. म्हणजे सुनेला वाचवलं ते सासूने आणि पाच नणंदांनी! आपल्याकडच्या मालिकावाल्यांना हे कुणीतरी सांगा.

आता दुसरी केस. किरिबातीचा इओआने टेइटिओटा. याचीही तिन्ही मुलं न्यूझीलंडमध्येच जन्मलेली. पण हा निर्वासिताच्या दारावर धडका देत राहिला, पार सुप्रीम कोर्टापर्यंत. सप्टेंबर २०१५मध्ये त्याला परत धाडलं. कुठे, तर दक्षिण तारावाला. १९४७मध्ये तिथे १,६४१ माणसं होती, २०१०पर्यंत ५०,००० झाली. बाकीच्या बेटांवर राहणं कठीण होत गेलं तशी लोकं तिथे येत गेली. विहिरी खारट, जमिनीवरून मारामाऱ्या.

मग तो युनोच्या मानवाधिकार समितीकडे गेला. २०१९चा तिचा निर्णय २०२०च्या जानेवारीत जाहीर झाला. हवामानामुळे जीव जाणार असेल तर माणसाला परत पाठवता येणार नाही, हे तत्त्व तिने मानलं. याला मात्र नकार. का, तर बेट राहण्याजोगं न उरायला अजून १०-१५ वर्षं आहेत, तेवढ्यात सरकार काहीतरी उपाय करू शकेल. दोन सदस्यांना हे पटलं नाही. बुडत्या माणसाला बुडत्या जहाजात परत ढकलायचं आणि वर सांगायचं, तिथे बाकीचे प्रवासी आहेतच की, असं त्यातल्या एकाने लिहिलंय.

ती मुदत २०१९पासून मोजली तरी २०२९ ते २०३४च्या दरम्यान संपते.