जोडे, पागोटे आणि क्लबचे दार

(धागा)

१/
२३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावाजवळ आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला. पुढे जालन्यात मोठी लष्करी छावणी वसली. मुलूख निजामाचा, पण छावणीत हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. तरीही या विजेत्यांच्या प्रतिनिधीला, म्हणजे हैदराबादच्या रेसिडेंटला, निजामाच्या दरबारात जाताना बूट काढावे लागत आणि जमिनीवरील बैठकीवर बसावे लागे. असईनंतर साठ वर्षांहून अधिक काळ हा रिवाज टिकून होता.

२/
हे समजून घ्यायचे तर आदराचे दोन व्याकरण ध्यानात घ्यावे लागतात. आपल्याकडे थोरांसमोर जोडे काढायचे आणि डोक्यावरचे पागोटे तसेच ठेवायचे. बोडक्या डोक्याने दरबारात जाणे हा अपमान समजला जाई. युरोपीय रीत नेमकी उलटी. तेथे टोपी काढायची आणि बूट पायातच ठेवायचे. दोघांचाही हेतू आदराचाच. प्रश्न एवढाच की एका दालनात दोघे भेटले तर कोणाचे व्याकरण चालणार?

३/
या प्रश्नाचे उत्तर सौजन्याने नव्हे, सत्तेने दिले. १८५४ साली, लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत, कंपनी सरकारने ठरवले की युरोपीय धाटणीचे बूट व मोजे घालणाऱ्या भारतीयांना सरकारी समारंभात ते पायात ठेवता येतील. देशी जोडे घालणाऱ्याने मात्र देशी रिवाजाप्रमाणे ते काढावेत. गालिचा एकच, पाऊलही त्याच माणसाचे. मान बदलत होता तो चपलेच्या घडणीवरून.

४/
हैदराबादेत निर्णायक क्षण आला १८६९ मध्ये. निजाम अफजलउद्दौला यांचे निधन झाले आणि अवघ्या अडीच वर्षांचे मीर महबूब अली खान गादीवर आले. रेसिडेंट चार्ल्स सॉन्डर्स यांनी ही संधी साधली. यापुढे आपण बूट घालून येऊ आणि खुर्चीवर बसू, असा आग्रह त्यांनी धरला व तो मान्य झाला. रणांगणावर १८०३ मध्ये जे ठरले होते, ते दरबाराच्या गालिच्यावर उमटायला एका बाल निजामाचे राज्यारोहण व्हावे लागले.

५/
याच काळात जालन्यात एक वेगळा माणूस काम करत होता: रेव्हरंड नारायण शेषाद्री. जन्माने ब्राह्मण, धर्मांतराने ख्रिस्ती, स्कॉटिश मिशनचे धर्मोपदेशक. सालारजंग यांच्या कारकिर्दीत मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली. १८७३ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते बोलले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर पागोटे होते. धर्म बदलला म्हणून पोशाखाचे व्याकरण बदललेच पाहिजे असे नाही, हे त्या सभेने डोळ्यांनी पाहिले.

६/
आता क्लबांकडे वळू. गोल्फ हा खेळ आणि त्याचा पोशाख यांचे नाते जुने आहे. अठराव्या शतकात स्कॉटलंडमधील गोल्फर मंडळींत लाल कोटाची प्रथा होती. सार्वजनिक माळावर खेळताना इतरांना दुरूनच खेळाडू दिसावेत, हा त्याचा एक उपयोग. काही मंडळांत सभेला ठरलेल्या पोशाखाविना येणाऱ्या सभासदाला दंडही होई. म्हणजे पोशाखाचा नियम आरंभी आपल्याच माणसांसाठी होता. परक्यांना अडवण्याचा तो उपाय नव्हता.

७/
भारतात हा खेळ लवकर आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा, मुंबईचा १८४२ चा. शिवाय मुंबईत १८३३ पासून भायखळा क्लब होता. येथे मात्र पोशाखाच्या नियमाची गरजच नव्हती, कारण दार वर्णानेच बंद होते. कितीही उत्तम शिवलेला सूट घातला तरी भारतीयाला सभासदत्व नव्हते. मालक, बॅरिस्टर, संस्थानिक, सगळे एकाच उंबरठ्यावर थांबत.

८/
या पार्श्वभूमीवर मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला. आपल्या भारतीय पाहुण्यांना युरोपीय क्लबांत मज्जाव होतो, याचा त्यांना संताप आला होता, असे सांगितले जाते. अठरा होलांचे गोल्फ मैदान असलेल्या या क्लबात भारतीय आणि युरोपीय दोघेही सभासद होऊ शकत. त्या काळाच्या मानाने ही मोठी गोष्ट होती. वर्णाचा अडसर निघाला, बुटांचा राहिला.

९/
तो दिसला सत्तर वर्षांनी. १९८८ साली याच क्लबने चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांना प्रवेश नाकारला, कारण ते अनवाणी होते. हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा. हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध यांच्या १९६४ मधील निधनानंतर आपण पादत्राणे सोडली, असे त्यांनी सांगितले आहे. मुक्तिबोध मराठी घरातले; त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतील कवी व समीक्षक. एका दिवंगत कवीसाठी पाळलेले सुतक दारावरच्या नियमाला निष्काळजीपणा वाटले.

१०/
हा प्रसंग केवळ एका विक्षिप्त कलावंताचा किस्सा नाही. विठ्ठलाच्या दारात वहाणा काढून आत जाणाऱ्या समाजातच अनवाणी पाऊल असभ्य ठरले. इंग्रज जाऊन चाळीस वर्षे झाली होती, नियम राबवणारे सगळे भारतीय होते. १८५४ चा निर्णय देशी जोड्याला काढायला लावत होता; १९८८ चा नियम घालायला लावत होता. उलटे दिसणारे हे दोन्ही हुकूम एकच सांगतात: प्रतिष्ठित पाऊल म्हणजे युरोपीय बुटातले पाऊल.

११/
पुढेही असेच घडत राहिले. जुलै २०१४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती हरिपरंथामन यांना चेन्नईतील क्रिकेट संघटनेच्या क्लबात वेष्टीमुळे अडवले गेले. तमिळनाडू विधानसभेने पुढच्याच महिन्यात कायदा करून अशी बंदी दंडनीय ठरवली. जून २०१७ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबात पारंपरिक जैनसेम नेसलेल्या एका खासी महिलेला जेवणाच्या टेबलावरून उठायला सांगण्यात आले. तिचा वेश मोलकरणीसारखा दिसतो, असे कारण दिले गेले. येथे नियमपुस्तिकेचा आडपडदाही गळून पडला. कापडातून माणसाचा वर्ग वाचला जात होता.

१२/
तरीही क्लबांची बाजू सर्वस्वी टाकाऊ नाही. मैदानाचे गवत जपण्यासाठी विशिष्ट तळव्यांचे बूट हवेत, हा नियम खेळाचा आहे. भोजनगृहात आणि सभागृहात कोणता पोशाख चालेल, हा नियम प्रतिष्ठेचा आहे. पहिल्याचे कारण मैदानावर दाखवता येते. दुसऱ्याचे कारण विचारले की ‘परंपरा’ हा एकच शब्द हाती येतो, आणि ती परंपरा कोणाची हे कोणी विचारत नाही.

१३/
रेसिडेंट सॉन्डर्स यांना दरबाराचा रिवाज मोडण्यासाठी पाठीशी साम्राज्य लागले. क्लबचा नियम बदलण्यासाठी तेवढे लागत नाही. सर्वसाधारण सभेत एका सभासदाने ठराव मांडावा आणि पुरेशा हातांनी तो उचलून धरावा, इतके पुरते. १९४७ पूर्वी त्या सभेत हात वर करण्याचा हक्क बहुतेक ठिकाणी आपल्याला नव्हता. आज आहे. म्हणून आजच्या दारावर उभ्या असलेल्या नियमाची जबाबदारी इंग्रजांवर टाकता येत नाही.

(धागा समाप्त)