धारवाडच्या बोर्डिंगातल्या बांगड्या

रमाबाई आंबेडकर धारवाडला राहायला आल्या तेव्हा बाबासाहेब परदेशी होते. उतरल्या त्या बळवंतराव वराळे यांच्याकडे. वराळे तिथलं अस्पृश्य विद्यार्थ्यांचं बोर्डिंग सांभाळत. अंगणात रोज खेळायला येणारी मुलं एकाएकी दिसेनाशी झाली, म्हणून रमाबाईंनी चौकशी केली. अनुदान आलेलं नव्हतं, धान्य संपलं होतं, मुलं उपाशी होती. रमाबाईंनी सोन्याच्या बांगड्या काढून वराळ्यांच्या हाती दिल्या आणि मुलांना जेवू घालायला सांगितलं. आंबेडकरी घरांतून ही आठवण आजही सांगतात. सांगणाऱ्यागणिक तपशील थोडेफार बदलतात. धारवाड आणि बांगड्या कायम असतात.

बाबासाहेबांनी 1928 मध्ये डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, ती माध्यमिक शिक्षणासाठी. त्यामागचं कारण रोजच्या जगण्यातलं होतं. हायस्कूल शहरात, मुलगा खेड्यातला, आणि शहरात त्याला खोली द्यायला कोणी तयार नाही. शाळेचं दार कायद्याने उघडं असलं, तरी रात्री पाठ टेकायला जागा नसेल तर तो शिकणार कसा? म्हणून बोर्डिंग. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, त्यामुळे कानडी मुलखातलं हे गावही त्या कामात आलं.

हक्कांच्या लढ्याच्या जागा पाहायला माणसं लांबून जातात. अमेरिकेतल्या ज्यू सिनेगॉगांची मंडळी एकत्र निघून अलाबामातल्या सेल्मा आणि माँटगोमेरीला जातात. 21 मार्च 1965 रोजी सेल्माहून पूल ओलांडून निघालेल्या, कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराच्या मोर्च्यात, मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत पहिल्या रांगेत, राब्बी अब्राहम जोशुआ हेशल चालले होते. आपल्याकडे 20 मार्चला लोक महाडला जमतात. 1927 साली त्या दिवशी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तळं खुलं करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने आधीच केला होता, आणि तरी तिथल्या हक्काचा दावा उच्च न्यायालयात निकाली निघायला 1937 उजाडलं.

सेल्माचा पूल आणि महाडचं तळं डोळ्यांत भरतात. बोर्डिंग तसं भरत नाही, कारण तिथे घडतं ते भाकरी थापणं, दिव्याखाली पुस्तक उघडणं, अनुदानाच्या कागदांमागे धावणं. पण ठरावात मिळालेला हक्क मुलाच्या अंगी लागतो तो अशाच जागी. म्हणून महाडला जाणाऱ्या गाडीने एकदा हुबळी-धारवाडची वाट धरावी. सोबत शाळकरी मुलं असावीत आणि बांगड्यांची गोष्ट त्यांना धारवाडातच सांगावी.

बळवंतराव वराळे पुढे बाबासाहेबांच्या सांगण्यावरून औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाच्या कामाला गेले. त्यांचे नातू प्रसन्न वराळे 2022 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. त्या न्यायालयाचं एक खंडपीठ धारवाडला आहे.