गिलानुपट्ठाक : शुश्रूषेच्या शिक्षणाची बौद्ध परंपरा

रुग्णशुश्रूषा ही केवळ मायेने आपोआप साधणारी गोष्ट नसून ती शिकण्याची आणि शिकविण्याची विद्या आहे, हा विचार विनयपिटकात स्पष्टपणे आढळतो. कॅन्सरच्या रुग्णाचा अखेरचा काळ आपल्याकडे बहुधा घरीच, नात्यातील माणसांच्या हाताखाली जातो. म्हणून या विचाराचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे.

महावग्गाच्या चीवरक्खंधकात पुढील प्रसंग आला आहे. पोटाच्या विकाराने आजारी असलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्यास धुतले. तथागतांनी डोक्याकडून व आनंदाने पायांकडून उचलून त्यास मंचकावर निजविले. त्यानंतर संघास एकत्र करून, घर सोडून आलेल्यांना एकमेकांवाचून दुसरे कोण आहे, याची जाणीव त्यांनी करून दिली. शुश्रूषेची जबाबदारी उपाध्याय, आचार्य, शिष्य अशा क्रमाने ठरली. कोणीच नसेल तर ती संपूर्ण संघाची. टाळणाऱ्यास दुक्कट आपत्ती सांगितली. एवढेच नव्हे, तर मृत भिक्खूचे पात्र आणि तीन चीवरे शुश्रूषा करणाऱ्यास द्यावीत असाही नियम झाला. सेवा करणाऱ्याच्या श्रमाची ही औपचारिक दखल होय.

याच प्रकरणात गिलानुपट्ठाकाचे म्हणजे शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण दिले आहेत. त्याला औषध तयार करून देता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, त्याने लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मल, मूत्र, थुंकी, वांती काढताना किळस करू नये, आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाचे मन प्रसन्न करावे. रुग्णाकडूनही औषध घेण्याची आणि दुखणे वाढले की उतरले हे खरे सांगण्याची अपेक्षा आहे. वेदना सहन करणे हाही रुग्णाचा एक गुण सांगितला आहे. परंतु तो औषधाबरोबर सांगितला आहे, औषधाऐवजी नव्हे.

गृहस्थाश्रमातील उदाहरण अंगुत्तर निकायात सापडते. भग्ग देशातील नकुलपिता अत्यवस्थ असता नकुलमातेने त्याच्या मनातील काळजी ओळखली. आपणास सूत कातता येते, लोकर विंचरता येते, मुलाबाळांचे पोषण होईल, आपले शील ढळणार नाही, असे तिने एकेक करून सांगितले. खोट्या आशेचा एक शब्दही तिने काढला नाही. कापसाच्या वऱ्हाडात या उपासिकेचे बोल निराळे समजावून सांगावे लागणार नाहीत.

व्याधी म्हणजे मागील जन्मीच्या पापाचे फळ, ही समजूत मात्र अजून पुरती गेलेली नाही. संयुत्त निकायात मोळियसीवक परिव्राजकाला तथागतांनी वेदनेची आठ कारणे सांगितली. पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात, ऋतुबदल, अयोग्य वर्तन आणि आघात यांच्यानंतर कर्मविपाक आठवा येतो. सर्व वेदना पूर्वकर्माने होतात हे मत त्यांनी फेटाळले. बाबासाहेबांनीही १९५७ साली प्रकाशित झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा वारसा नाकारला. तेव्हा रुग्णाची वेदना ‘भोग’ म्हणून सोडून देणे धम्मास धरून नाही.

आधुनिक वैद्यकात हा विचार उपशामक शुश्रूषा म्हणजे पॅलिएटिव्ह केअर या नावाने उभा राहिला. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी चहूबाजूंची असते, हे त्यांनी दाखविले. १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे शांती आवेदना सदन स्थापन झाले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी औषधांच्या तीन पायऱ्या सांगितल्या. १९९३ पासून केरळात कालिकतच्या संस्थेने हे काम हाती घेतले आणि पुढे शेजारच्या स्वयंसेवकांना शिकवून ते घराघरांत नेले. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फीन मिळणे अवघड झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट काहीशी मोकळी झाली.

आता आपल्याकडे वळू. राजापेठेतील एखादे कुटुंब उपचारासाठी नागपूरला तुकडोजी महाराजांच्या नावाच्या कॅन्सर रुग्णालयात किंवा मुंबईला टाटा रुग्णालयात जाते. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा अशा रुग्णांना व नातेवाइकांना आसरा देते. परंतु उपचार थांबवून रुग्ण घरी परतला की पत्नी, सून किंवा मुलगी एकटी पडते. मॉर्फीन डॉक्टरांनी ठरविलेल्या वेळीच द्यावे, दुखणे असह्य होण्याची वाट पाहू नये; त्याने मलावरोध होतो, म्हणून रेचकही विचारून घ्यावे; निजून राहणाऱ्याची कूस वरचेवर बदलावी; तोंड स्वच्छ ठेवावे; आणि तो विचारील तेव्हा त्याच्याशी खरे बोलावे, हे तिला कोणी सांगितलेले नसते. व्यसन लागेल या भीतीने कित्येकदा औषध कपाटातच राहते आणि रुग्ण रात्रभर तळमळतो.

विनयाने ही जबाबदारी शेवटी संघावर टाकली होती. आज आपला संघ विहारात जमणारा उपासक-उपासिकांचा आहे. रविवारच्या वंदनेनंतर जाणत्या परिचारिकेला वा डॉक्टरांना बोलावून पाच गुणांचा हा पाठ घ्यावा. शुश्रूषा करणाऱ्या बाईला आठवड्यातून एक रात्र झोप मिळावी म्हणून आळीपाळीने तिच्या घरी बसावे. स्त्रियांबरोबर पुरुषांनीही हा पाठ गिरवावा; महावग्गातील त्या आजारी भिक्खूला धुणारे हात पुरुषांचेच होते.