माईक कोकलतो तेव्हा

तुर्भ्याला उतरायचं म्हणून दाराशी आलात आणि गर्दीने तुम्हाला बाहेर फेकलं ते थेट टोकियोत. साल 1981च्या आसपासचं. घाबरू नका, धक्के ओळखीचेच आहेत. फक्त इथे मागून रेटणाऱ्याच्या हातात पांढरे हातमोजे आहेत आणि रेटण्याचा त्याला पगार मिळतो. फलाटावर सिगारेटचा धूर कोंदलाय. फाटकापाशी तिकीट कापणारे चिमटा वाजवताहेत, कट् कट् कट्. समोर प्रवासी नसला तरी हात थांबत नाही.

ज्याच्यासाठी आलो तो मासामी आकिता. जन्म 1956चा, याच शहरातला. तामागावा विद्यापीठात चित्रकला शिकला, ड्रम वाजवले, मासिकांत लेख लिहितो. आणि 1979पासून ‘मर्झबो’ या नावाने आवाज करतो. गाणं नाही हो, आवाज! हे नाव कुर्ट श्विटर्सच्या ‘मर्झबाऊ’वरून घेतलेलं. त्या जर्मन चित्रकाराने हॅनोव्हरच्या आपल्या घरात टाकाऊ वस्तू रचत रचत खोल्याच्या खोल्या भरल्या होत्या.

या त्याच्या खोलीत, खाली वाका. पत्र्याच्या तुकड्याला बटणाएवढा मायक्रोफोन चिकटवलाय. नखाने पत्रा खरवडा. बघितलंत? अख्खी एमआयडीसी अंगावर आली. आता तोच माईक स्पीकरजवळ न्या. सत्यनारायणाच्या मांडवात माईक कोकलतो ना, तसाच कोकलेल. तिथे चारजण बटण शोधत धावतात. आकिता मात्र बटण आणखी फिरवतो. दात झिणझिणतात, बरगड्या थरथरतात, आणि थोड्या वेळाने (माझं तरी असंच होतं) त्या गदारोळात थर वेगळे ऐकू यायला लागतात.

कॅसेट भरली. आता वेष्टन. भुयारी रेल्वेच्या कचऱ्यात सापडलेली, चारचौघांत उघडता न येणारी मासिकं कापायची, चिकटवायची आणि झेरॉक्स काढायची. कागद हाताला गरम लागतो, शाईचा करपट वास नाकात बसतो. कंपनी घरचीच: ‘लोएस्ट म्युझिक अँड आर्ट्स’. दुकानाचं नाव काढू नका. माल पोस्टाने परदेशातल्या अनोळखी माणसांना जातो.

पुढे हाच गृहस्थ 50 सीडींची एक पेटी काढणार आहे, मांसाहार सोडून त्यावर पुस्तकही लिहिणार आहे. 1996चा ‘पल्स डीमन’ हा त्याचा अल्बम ऐकायला पुढे जायचंय? आधी कानात कापूस घाला. नको? मग बसा इथेच, पाकिटांना तिकिटं चिकटवा. ढीग मोठा आहे.